उंबरठा प्लास्टिकला कळत नाही

थ्री-डी प्रिंटिंगच्या दुकानात जा, इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये जा, नाहीतर हौसेने प्रिंटर घेतलेल्या भाच्याला विचारा. ब्रॅकेट, हुक, झाकण, काहीही छापून हवं म्हटलं की समोरून एकच प्रश्न येतो. "आत लावायचंय की बाहेर?" आत म्हणालात की पीएलए. बाहेर म्हणालात की पीईटीजी. आणि तुमच्या चेहऱ्यावर शंका दिसलीच तर, "मग एएसएमध्ये करू, पण महाग पडेल हं." एका प्रश्नात अख्खं पॉलिमरशास्त्र आटोपतं आणि प्रिंटर घरघरायला लागतो.

या नियमाच्या भक्तांचं म्हणणं थोडक्यात असं. घराच्या आत ऊन नाही, पाऊस नाही, म्हणून तिथे स्वस्त आणि छापायला सोपा पीएलए पुरतो. तो मक्यापासून होतो, त्यामुळे बाहेर ठेवला तर कुजतो. पीईटीजी पाण्याच्या बाटलीच्या जातीचा, त्याला पावसाचं काय भय? म्हणून तो बाहेर. फारच मजबूत हवं असेल त्याने एबीएस घ्यावा, कारण लेगोचे ठोकळे एबीएसचे असतात. आणि सामान्य माणसाला याहून जास्त सांगून गोंधळात पाडू नये.

यातल्या प्रत्येक वाक्यात खोट आहे, आणि सर्वांत मोठी खोट शेवटच्या वाक्यात. पण क्रमाने घेऊ.

मुळात घराचा उंबरठा ही प्लास्टिकची सीमारेषा ठरवली कोणी? वितळलेल्या प्लास्टिकचे थर एकावर एक रचायची पद्धत स्कॉट क्रंप यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत पेटंटसाठी नोंदवली. ती सामान्यांच्या टेबलावर यायला मात्र २००५ उजाडावं लागलं, जेव्हा एड्रियन बोयर यांनी इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात रेपरॅप प्रकल्प सुरू केला. प्रागच्या योसेफ प्रूशा यांचे प्रिंटर त्याच कुळातले. आता या गावांची हवा पाहा. बाथमध्ये जुलैतली दुपारसुद्धा सरासरीने २१-२२ अंशांची. अख्ख्या इंग्लंडने ४० अंश पहिल्यांदा पाहिले ते २०२२ च्या जुलैत, आणि देशभर त्याचा गाजावाजा झाला. अशा मुलुखात घर म्हणजे वर्षभर विशीतलं तापमान राखणारी जागा. तिथे आत आणि बाहेर हा भेद खरा आहे, नियम करण्याजोगाही आहे. तिथल्या माणसाने तिथल्या घरासाठी लावलेला आडाखा आपण चंद्रपूर-अकोल्याला जसाच्या तसा लावतो, आणि वर त्याला तज्ज्ञाचा सल्ला म्हणतो!

२०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. हा हवामान खात्याचा पारा, म्हणजे पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत मोजलेला. उन्हात तापलेला लोखंडी पत्रा, गच्चीची फरशी, गेटचा काळा रंग यांचं तापमान त्याहून वीस-तीस अंशांनी वर असतं. त्या पत्र्याखाली लोक राहतात. पत्र्याला लागून वायर धरायला लावलेली क्लिप तुमच्या नियमाने 'आत' आहे. फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरजवळ बसवलेला तुकडा आत आहे. शेगडीवरच्या मांडणीचा हुक आत आहे. पश्चिमेच्या खिडकीच्या कट्ट्यावरची कुंडी आत आहे. आणि मोटारगाडी? बंद काचांची, भर उन्हात उभी केलेली गाडी ही आत धरायची की बाहेर? तिच्या डॅशबोर्डवर ७०-८० अंश सहज होतात. हौशी छापणाऱ्यांची लाडकी वस्तू कोणती, तर मोबाइल होल्डर. तो कशात छापतात? पीएलएमध्ये. कारण गाडीला छप्पर आहे!

पीएलए ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान मऊ पडतो. इथे नियमाचे कैवारी हमखास एक युक्तिवाद करतात: "अहो, पीएलए वितळतो दीडशे अंशांच्या वर. नोझल २०० वर ठेवावं लागतं. तुमच्या विदर्भात कुठे आलेत दीडशे अंश?" ऐकायला बिनतोड वाटतं. पण वितळणं वेगळं आणि मऊ पडणं वेगळं. प्लास्टिक म्हणजे लांबलचक रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. थंड असताना साखळ्या जागच्या जागी थिजलेल्या असतात आणि वस्तू ताठ राहते. ठरावीक तापमान ओलांडलं की त्या सरकायला लागतात. यालाच ग्लास ट्रान्झिशन म्हणतात आणि फिलामेंट, म्हणजे प्रिंटरमध्ये घालायची प्लास्टिकची तार, निवडताना पाहायचा पहिला आकडा हाच. या तापमानाला वस्तूचं पाणी होत नाही, पण तिच्यावर असलेलं वजन तिला वाकवतं. होल्डर गळून पडत नाही. तो फोनसकट नम्रपणे मान खाली घालतो. पीएलएमध्ये हे ५५-६० ला होतं, पीईटीजीत ८० च्या आसपास, एएसए आणि एबीएसमध्ये १०० ते १०५ च्या दरम्यान, पॉलीकार्बोनेटमध्ये १४५ च्या पुढे. या चार आकड्यांत 'आत' आणि 'बाहेर' कुठे आहे?

उंबरठ्याच्या नियमाचा फोलपणा पाहायचा तर खुद्द प्रिंटर बनवणाऱ्यांकडे जाऊ. व्होरॉन नावाचा एक प्रिंटर हौशी लोक स्वतः जोडतात. त्याचे बरेचसे प्लास्टिकचे भाग दुसऱ्या प्रिंटरवर छापून घ्यायचे असतात, आणि त्याची अधिकृत सूचना स्पष्ट आहे की ते एबीएसमध्ये किंवा तत्सम उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकमध्ये छापा. हा प्रिंटर कुठे राहतो? घराच्या आत, खोलीच्या आत, आणि स्वतःच्या बंद पेटीच्या आत. तिहेरी आत! तरी पीएलए चालत नाही, कारण पेटीतली हवा तापते. प्रूशांच्या उघड्या, बिनपेटीच्या प्रिंटरचे भागसुद्धा वर्षानुवर्षं पीईटीजीत छापले गेले, कारण मोटर आणि बेडची, म्हणजे वस्तू ज्यावर छापली जाते त्या तापत्या पाटाची, धग. ज्यांनी हा धंदा उभा केला त्यांनीच स्वतःच्या यंत्राला हा नियम लावला नाही. मग आपल्याकडचा दुकानदार कुठल्या आधारावर लावतो?

बरं, उष्णता सोडा. समजा पुण्यातली उत्तरेकडची थंड खोली आहे, पंखा आहे, पडदे आहेत. दाराच्या मागे पीएलएचा हुक लावला आणि त्यावर रोज दप्तर टांगलं. हुक ताठ आहे, सुरेख आहे, पहिल्या दिवशी दोन दप्तरं पेलतो. काही महिन्यांनी तो खाली झुकलेला दिसतो किंवा एखाद्या सकाळी कट्कन तुटतो. ऊन लागलं का? पाऊस लागला का? नाही. त्याला लागला तो सततचा भार. थोडा ताण सतत राहिला की प्लास्टिक हळूहळू सरकतं, आणि पीएलएमध्ये ही खोड जास्त आहे. कायम वाकवून बसवलेली क्लिप, स्क्रूखाली दाबलेला ब्रॅकेट, घट्ट ठोकलेलं टोपण, सगळ्यांची गत तीच. म्हणजे जिथे हा नियम शंभर टक्के लागू आहे असं तुम्ही म्हणता, त्या आदर्श खोलीतही तो नापास होतो.

यावर तयार उत्तर असतं, "मग पीएलए प्लस घ्या." हा प्लस नेमका काय आहे हे सांगणारं कोणतंही सर्वमान्य मानक नाही. प्रत्येक कंपनी आपापला मसाला घालते. बहुतेक वेळा तो ठिसूळपणा कमी करण्यासाठी असतो, त्यामुळे वस्तू पडली तर फुटत नाही. चांगली गोष्ट आहे. पण मऊ पडण्याचं तापमान त्याने बहुधा जागचं हलत नाही. डब्यावर अधिकचं चिन्ह छापलं म्हणून डॅशबोर्ड थंड होतो काय? छापलेली वस्तू ओव्हनमध्ये ठरावीक तापमानाला शेकून तिची उष्णता सोसायची ताकद वाढवता येते हे खरं. मात्र शेकताना ती आकसते, वाकते, आणि मग स्क्रूची भोकं जुळत नाहीत. ज्यांना मापं जुळवायला वेळ आहे त्यांनी खुशाल शेकावं.

आता मक्याची गोष्ट. पीएलए कुजतो, ही समजूत दोन गट एकाच वेळी पाळून आहेत आणि दोघांनाही ती सोयीची आहे. एक गट सांगतो, "कुजतो, म्हणून बाहेर लावू नका." दुसरा सांगतो, "कुजतो, म्हणून पर्यावरणाला चांगला, बिनधास्त छापा." एकच माणूस सकाळी पहिलं आणि संध्याकाळी दुसरं बोलतानाही आढळतो. पीएलए औद्योगिक कंपोस्टमध्ये कुजतो हे खरं, पण त्या चाचण्या ५८ अंशांच्या आसपास, ओलाव्यात, आठवडेच्या आठवडे चालतात. हा आकडा ओळखीचा वाटला का? पीएलए मऊ पडतो तोच हा टप्पा. साखळ्या सैल झाल्या की पाणी आत शिरतं, त्या तोडतं आणि मग जिवाणूंना खाण्याजोगे तुकडे मिळतात. त्या तापमानाच्या खाली हे सगळं इतकं मंद चालतं की परसातल्या खतखड्ड्यात किंवा समुद्रात पडलेला पीएलए वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. शहरातल्या कचरा डेपोत तो कोणी वेगळा काढत नाही आणि त्याच्यासाठी कोणी ५८ अंशांची भट्टीही लावून बसलेलं नाही.

म्हणून आता उलट बाजूने पाहा. रत्नागिरीकडे वर्षाला पाऊस ३,००० मिलिमीटरच्या घरात पडतो. तिथल्या पडवीत, सावलीत, फारसा भार नसलेली पीएलएची पाटी सबंध पावसाळा काढेल. शेवाळ चढेल, रंग उडेल, पण पाटी राहील. आणि तीच पाटी नागपुरातल्या बंद गाडीत ठेवली तर एकाच दुपारी तिची कमान होईल. पहिली बाहेर होती, दुसरी आत. नियमाने सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलटं झालं. ज्या नियमाचं उत्तर कोकणात एका बाजूने चुकतं आणि विदर्भात दुसऱ्या बाजूने, त्याला नियम कशाला म्हणायचं? छापा-काटा केला तरी निदान निम्म्या वेळा बरोबर येईल.

पीईटीजीच्या भक्तांची गोष्ट जरा सभ्य आहे, कारण पीईटीजी खरोखर उपयोगी आहे. पाण्याला तो बधत नाही, ठिसूळ नाही, छापताना कोपरे फारसे उचलत नाहीत. एवढं मी मोकळेपणाने मान्य करतो. पण 'बाहेरचं फिलामेंट' ही पदवी त्याला दिली कोणी? उन्हातल्या अतिनील किरणांपुढे तो टिकाऊ प्लास्टिकच्या रांगेत बसत नाही. वर्षं गेली की धुरकट होतो, कडक आणि ठिसूळ होत जातो. लंडनच्या उन्हाळ्यात अतिनील निर्देशांक सात-आठपर्यंत पोचतो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या माध्यान्ही तो ११ च्या वर जातो, आणि ११ पासून पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात 'अतितीव्र' हा शेवटचा रकाना सुरू होतो. तिथल्या बागेत चार-पाच वर्षं टिकलेल्या पीईटीजीच्या कुंडीची कौतुकं वाचून इथल्या गच्चीवर सोलर पॅनेलच्या वायरीचे क्लॅम्प छापणारे लोक आहेत. शिवाय तो पीएलएपेक्षा लवचीक आहे. ताठपणात पीएलए त्याच्या साधारण दीडपट. घरातली एखादी लांब फळीसारखी वस्तू, मोजमापाचा जिग, ड्रिलिंगचा साचा, जिथे वाकून चालत नाही, तिथे पीएलए काढून 'भारीतला' पीईटीजी घातला तर वस्तू सुधारत नाही, बिघडते. फिलामेंटची उतरंड नसते. पीएलए तळाला, पीईटीजी मधे, एएसए माथ्यावर असली शिडी किंमतपत्रकात असते, प्लास्टिकात नसते.

आणि रंग? उंबरठ्याच्या नियमात रंगाला जागाच नाही. वास्तविक उन्हात हा प्रश्न फिलामेंटच्या नावाइतकाच महत्त्वाचा आहे. प्लास्टिकला काळं करणारी काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, अतिनील किरण स्वतः पिते आणि खालच्या साखळ्या वाचवते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या उगीच काळ्या नव्हत्या. पण तोच काळा रंग उष्णताही पितो. तेव्हा काळा एएसए उन्हात उत्तम, काळा पीईटीजी चंद्रपूरच्या पत्र्यावर कड्याच्या टोकाला उभा, आणि काळा पीएलए म्हणजे आत्महत्या. पांढरा पीईटीजी थंड राहतो. पारदर्शक पीईटीजीत किरण आरपार जातात, म्हणून तो पृष्ठभागावरच नाही तर पोटातूनही खराब होतो. वरून चांगला एक्सटीरियर पेंट मारला तर उजेडाचा त्रास पुष्कळ कमी होतो, हे कबूल. उष्णतेवर मात्र तो तेवढाच चालतो जेवढा तो फिका असेल. आता सांगा, "आत की बाहेर" विचारणाऱ्याने "कोणता रंग?" हा प्रश्न कधी टिकाऊपणासाठी विचारला आहे? विचारतो तो शोभेसाठी.

खिडकीच्या काचेचंही तेच. काच अतिनील किरणांपैकी तीव्र पट्टा बराचसा अडवते, पण सौम्य पट्टा पुष्कळसा आत सोडते. म्हणून काचेमागे ठेवलेलं प्लास्टिकही पिवळं पडतं. उंबरठा ओलांडताना ऊन चपला काढून येत नाही.

एबीएसवाल्यांना थोडक्यात निरोप देता येईल. लेगोने १९६३ पासून ठोकळे एबीएसचे केले हे खरंच आहे, पण ते ठोकळे मुलांच्या खोलीत राहतात, गच्चीवर नाही. एबीएसमधला बी म्हणजे ब्यूटाडाइन, हे रबर त्याला चिवटपणा देतं. त्याच रबराच्या साखळीतले दुहेरी बंध ऊन आणि ऑक्सिजन मिळून तोडतात, आणि मग एबीएस पिवळा पडतो, त्याला भेगा जातात. एएसएमध्ये ते रबर काढून अॅक्रिलेटचं रबर घातलं, ज्यात असे बंध नाहीत. गाड्यांच्या आरशांची बाहेरची आवरणं एएसएची असतात ती त्यामुळे. म्हणजे दोघांचे मऊ पडण्याचे आकडे जवळजवळ सारखे, छापायची रीत सारखी, पण उन्हातलं आयुष्य एकदम वेगळं. "मजबूत हवं तर एबीएस" म्हणणारा माणूस मजबुती आणि टिकाऊपणा यांत फरक करत नाही.

आणि इथेच या सगळ्या चर्चेतला खरा 'आत' येतो, ज्याबद्दल कोणीच बोलत नाही. एएसए आणि एबीएस छापताना बेड शंभर अंशांच्या आसपास तापवावा लागतो, प्रिंटर पेटीत बंद ठेवावा लागतो, आणि स्टायरीनची वाफ सुटते. स्टायरीनला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये 'संभाव्य कर्ककारक' गटात टाकलं. शिवाय डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण सुटतात. वन-बीएचके फ्लॅटमध्ये, पावसाळ्यात खिडक्या लावून, रात्रभर एएसए छापत ठेवणारा आणि त्याच खोलीत झोपणारा माणूस 'बाहेरची' वस्तू बनवत असतो. वस्तू बाहेर जाईल, पण वाफ आत राहते. प्लास्टिकला उंबरठा कळत नसला तरी फुप्फुसांना कळतो. आत-बाहेर हा प्रश्न विचारायचाच असेल तर तो प्रिंटरच्या जागेबद्दल विचारा: पेटी आहे का, हवा बाहेर काढणारा पंखा आहे का? नसेल तर एएसएच्या गोष्टी बंद करा आणि ते काम सोय असलेल्या माणसाकडून करून घ्या.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या आसपास असतो. उघडा ठेवलेला रोल ही हवा पितो. मग नोझलमध्ये त्या पाण्याची वाफ होते, तडतड आवाज येतो, थरांत बुडबुडे राहतात, जाळ्यासारखे तंतू सुटतात. इतकंच असतं तर हा दिसण्याचा प्रश्न म्हणून सोडून देता आलं असतं. पण नोझलच्या उष्णतेत पाणी पीएलए, पीईटीजी आणि नायलॉनच्या साखळ्या तोडतं, त्यामुळे वस्तू जन्मतःच अशक्त होते. कागदोपत्री योग्य फिलामेंट निवडूनही ती तुटते, आणि दोष जातो निवडीला. नायलॉनची तर कथाच वेगळी. 'इंजिनिअरिंग मटेरियल' म्हणून त्याचा दबदबा मोठा, आणि कोरड्या हवेत तो साजतोही. पण नायलॉन ६ पाण्यात बुडवून ठेवला तर स्वतःच्या वजनाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास पाणी पितो, फुगतो आणि मऊ होतो. मालवणच्या होडीवर नायलॉनचं दातेरी चाक छापून देणाऱ्याने ग्राहकाला आधी हे सांगितलं असतं का? त्याच्या रोलवर 'कार्बन फायबर' लिहिलेलं होतं, एवढ्यावरच दोघंही खूश असतात. ते तंतू ताठपणा वाढवतात, पितळी नोझल झिजवतात, पण दोन थरांमधली पकड वाढवत नाहीत.

ती पकड हाच छापलेल्या वस्तूचा सर्वांत कच्चा भाग. ओढ थरांच्या आडवी लागली की सर्वांत महाग फिलामेंटचा हुकही थरावरून सुटतो, आणि वस्तू कुशीवर आडवी छापली असती तर साध्या पीएलएनेही तो भार पेलला असता. इनफिल, म्हणजे वस्तूच्या पोटातला भराव, शंभर टक्के ठेवून भिंती दोनच देणारे लोक याच शाळेतले. भिंती वाढवल्या तर ताकद जास्त वाढते आणि प्लास्टिकही कमी लागतं. पण नियम इतका गोंडस आहे की मोडलेली वस्तू पाहून कोणी दिशा तपासत नाही. फक्त "पुढच्या वेळी पीईटीजीत करू" म्हणतात.

मग हा नियम टिकला कसा? उत्तर सोपं आहे. तो वस्तू वापरणाऱ्यासाठी बनलेलाच नाही. पीएलए लोकप्रिय झाला कारण त्याला बेड फारसा तापवावा लागत नाही, तो कोपरे उचलत नाही, वास येत नाही, पेटी लागत नाही. म्हणजे तो छापणाऱ्याला सोयीचा. पीईटीजी त्याहून थोडा त्रासाचा, एएसए बराच त्रासाचा. 'आत, बाहेर, फारच बाहेर' ही रांग पाहा आणि 'सोपं, मध्यम, कटकटीचं' ही रांग पाहा, तंतोतंत जुळतात. गिऱ्हाइकाला त्याच्या सोयीचा सल्ला देतोय असं भासवून दुकानदार आपल्या मशीनची सोय पाहतो आणि कटकटीचे पैसे वेगळे लावतो. पैसे लावायला हरकत नाही. सल्ला म्हणून विकायला आहे.

आता ते शेवटचं वाक्य. सामान्य माणसाला गोंधळात पाडू नये! कोणता सामान्य माणूस? जळगावकडचा केळीवाला शेतकरी, ज्याच्या ठिबकच्या नळ्या काळ्याच का असतात हे त्याला पक्कं ठाऊक आहे? पॉलिहाऊसचा कागद घेताना जो "दोनशे मायक्रॉन आहे का, यूव्हीवाला आहे का, किती वर्षांची गॅरंटी?" असं तोंडपाठ विचारतो तो? की आपल्या गल्लीतला प्लंबर? त्याला नळाची लाइन टाकायला सांगा. तो "आत की बाहेर" विचारणार नाही. तो विचारेल, पाणी गार की गरम, कारण गिझरच्या लाइनला त्याला सीपीव्हीसी लागतो आणि साध्या पीव्हीसीवर गरम पाणी सोडायला तो तयार होणार नाही. तो विचारेल, पाइप उन्हात जाणार का, कारण उघड्यावरचा पीव्हीसी काही वर्षांत खडूसारखा होऊन मोडतो हे त्याने पाहिलंय. मग तो रंग मारायला सांगेल किंवा भिंतीत घ्यायला सांगेल. दाब किती, हे तर टाकीची उंची पाहून तो मनातच ठरवतो. पॉलिमर हा शब्दही न उच्चारता या माणसाने उष्णता, उजेड आणि भार असे तीन प्रश्न विचारले. पदवी, लॅपटॉप आणि लाखाचा प्रिंटर असलेल्या आपल्या तज्ज्ञाला त्यातला एकही सुचत नाही, आणि गोंधळेल मात्र सामान्य माणूस, असं त्याचं म्हणणं!

तेव्हा दुकानात गेल्यावर "आत" किंवा "बाहेर" हे उत्तर देऊच नका. सांगा, ही वस्तू मे महिन्यात दुपारी तीन वाजता कुठे असेल आणि तिथे हात ठेववतो की चटका बसतो. सांगा, तिच्यावर वजन सारखं असेल की अधूनमधून. थेट ऊन किती तास, रंग कोणता, खारं वारं आहे का, फिनाइल-अॅसिड लागणार का, आणि ती किती वर्षं टिकायला हवी आहे. देवघरातली शोभेची जाळी, टेबलावरचा पेनस्टँड, गणपतीच्या मखराची फुलं यांना पीएलए उत्तम, आणि यांच्यासाठी कोणी पीईटीजी गळ्यात मारत असेल तर हसून नाही म्हणा. गाडीत जाणार असेल तर एएसए किंवा एबीएस, आत असली तरी. उन्हातल्या गच्चीवर अनेक वर्षं राहायचं असेल तर एएसए. सावलीतल्या ओल्या जागी, मध्यम भाराला, पीईटीजी. पत्र्याखाली, मोटरजवळ, शेगडीवर, जिथे धग आहे तिथे किमान पीईटीजी, आणि जिथे हात टेकवत नाही तिथे तोही नको. काही वेळा उत्तर असं येईल की छापूच नका. एसीच्या बाहेरच्या युनिटचा आधार, बाळाच्या पाळण्याचा हुक, गॅसच्या नळीची जोडणी या वस्तू कोणत्याही फिलामेंटात छापायच्या नसतात. हार्डवेअरच्या दुकानात लोखंडी अँगल आणि क्लॅम्प मिळतात, त्यांच्यासाठी रात्रभर प्रिंटर चालवण्याचं काही कारण नाही.

एक मागणी आणखी करा. छापलेल्या वस्तूच्या पाठीवर फिलामेंटचं नाव आणि किती अंशांपर्यंत चालेल तो आकडा कोरून द्या म्हणावं. 'पीएलए, ५० च्या खाली' एवढी अक्षरं उमटवायला प्रिंटरला वेगळं काही लागत नाही; डिझाइनमध्ये दोन ओळी घातल्या की झालं. तसं केलं तर गाडीतला होल्डर वाकल्यावर तो आकडा घेऊन गिऱ्हाईक परत येईल, हे दुकानदारालाही समजतं. एकदा मागून तर बघा. तोवर "आत की बाहेर" एवढंच विचारणारा माणूस तुमच्या गच्चीवर ऊन कुठल्या बाजूने येतं, याची कशी चौकशी करायला लागतो ते.